मंदावलेल्या प्रकाशाचे पुनरुज्जीवन

श्रोतेहो, परगावी फोन करावयाचा म्हणजे ओरडून बोलावयाचे, ही सवय आपल्यापैकी पुष्कळांची अजून गेलेली नाही. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहण्याचे दिवस ज्यांनी काढले, त्यांच्या घशाला तसे वळणच पडले आहे. आज तेच गृहस्थ अमेरिकेतील मुलाशी बोलताना आवाज चढवतात, आणि तिकडून उत्तर येते, "बाबा, हळू बोला. शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे ऐकू येते आहे." हे संभाषण आज घरोघर होते, पण त्यातील आश्चर्य कोणी सहसा मनावर घेत नाही.

अंतर वाढले की हाक विरते आणि दिवा मंदावतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. मग हजारो कोस समुद्राखालून आलेला शब्द थकत कसा नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. तो थकतो, अगदी मरणप्राय होतो, पण वाटेत त्याला पुन:पुन्हा उभे करण्याची व्यवस्था केलेली असते. मात्र उभे करणे म्हणजे नुसते बळ देणे नव्हे. बळ देणे निराळे आणि ओळख पटवून नवे करणे निराळे. हा भेद आपणांपुढे उलगडून ठेवावा, एवढाच आजचा उद्देश आहे. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न विश्वासाचा आहे. बँकेतील आपल्या ठेवीचा आकडा किंवा रुग्णालयातून आलेला तपासणीचा अहवाल ह्याच वाटेने प्रवास करतो, आणि एका शून्याचा फरक म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

ओरडण्याने काय होते

१८५८ सालच्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड ह्यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची तार टाकून पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठविला. तो पोचावयास सुमारे १६ तास लागले. एका टोकाला विजेचा ठसठशीत ठोका द्यावा, तर दुसऱ्या टोकाला तो पसरट आणि पुसट होऊन निघे. एक ठोका पुरता विरण्याआधीच दुसरा येऊन त्यात मिसळे. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस ह्यांनी जो उपाय केला तो आपल्या ट्रंक कॉलवाल्या गृहस्थांचाच होता: जोर वाढवा. त्यांनी सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचा दाब लावला. तार मुळातच सदोष होती. हा मारा तिला सोसला नाही आणि काही आठवड्यांतच ती कायमची मुकी झाली.

विल्यम थॉमसन ह्यांचे मत पहिल्यापासून निराळे होते. मोठ्याने ओरडण्यापेक्षा कान तीक्ष्ण करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी इवल्याशा आरशावर प्रकाशकिरण पाडून अतिक्षीण प्रवाहही दाखविणारे यंत्र तयार केले होते, आणि ती आजारी तार काही दिवस बोलली ती त्याच यंत्राच्या मदतीने. पुढे १८६६ साली 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अजस्र जहाजाने अटलांटिकची टिकाऊ तार टाकली, आणि त्याच जहाजाने १८७० साली मुंबई व एडन ह्यांच्यामधील तार टाकली. मुंबईचा समुद्रमार्गे विलायतेशी तारसंबंध जुळला तो तेव्हापासून. ह्या इतिहासातून एक गोष्ट आपण ध्यानात धरू: संदेश क्षीण होतो तेव्हा तो केवळ लहान होत नाही, तो बिघडतोही, आणि बिघाडावर जोर हे औषध नव्हे.

दोन प्रकारचे नक्कलकार

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरून काढीत. समजा, एका नक्कलकाराला लिपीच येत नाही. तो समोरचे पान हुबेहूब गिरवतो. पण त्याबरोबर शाईचा डाग गिरवतो आणि कसरीने पाडलेले भोकही गिरवतो. त्याचा हात कितीही चांगला असला तरी स्वतःचा थोडासा कंप तो त्यात घालतोच. ह्या नकलेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे करता दहाव्या प्रतीत अक्षर कोणते आणि डाग कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

१९५६ साली स्कॉटलंडमधील ओबान आणि न्यूफाउंडलंडमधील क्लॅरनव्हिल ह्या गावांच्या दरम्यान समुद्राखालून टेलिफोनची पहिली अटलांटिक केबल सुरू झाली. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोन केबली होत्या, आणि प्रत्येकीत ५१ रिपीटर, म्हणजे निर्वात नळ्यांचे वर्धक, समुद्रतळी बसविलेले होते. एका वेळी ३६ संभाषणे होत. ही केबल १९७८ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, चालली. काम फार मोलाचे होते. पण हे वर्धक म्हणजे लिपी न जाणणारे नक्कलकार होते. मागून आलेला आवाज ते वाढवीत, त्याबरोबर मागून आलेली खरखर वाढवीत, आणि स्वतःची थोडी खरखर त्यात टाकीत.

आता दुसरा नक्कलकार पाहा. ह्याला अक्षरओळख आहे. पुसट झालेला 'ध' त्याला दिसला की तो डाग गिरवीत बसत नाही. हा 'ध' आहे असे ठरवितो आणि कोऱ्या पानावर ताज्या शाईने नवा 'ध' लिहितो. मागची सारी मलिनता तेथेच संपते. दहावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ निघते. संदेशाचे पुनर्जनन ते हेच.

पण ह्या शहाण्या नक्कलकाराचा एक धोका आहे. पुसट 'ध' त्याने 'घ' वाचला तर 'धन' ह्याचे 'घन' होते, आणि तेही ताज्या शाईत, सुवाच्य अक्षरात! पुढच्याला तेथे डागही दिसत नाही आणि संशयही येत नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद साचत गेले, म्हणून एकनाथमहाराजांना १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अडाण्याची चूक मळकट असते, जाणत्याची चूक स्वच्छ असते. आणि स्वच्छ चूक पकडणे अधिक कठीण.

दोन अक्षरांची लिपी

जाणत्या नक्कलकाराची चूक कमी व्हावी असे वाटत असेल तर उपाय उघड आहे. लिपीतील अक्षरे कमी करा आणि ती एकमेकांपासून शक्य तितकी निराळी ठेवा. अॅलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज अभियंत्याने १९३७-३८ च्या सुमारास टेलिफोनसाठी नेमके हेच सुचविले. बोलणाऱ्याच्या आवाजाची चढउतार ठराविक क्षणांनी मोजावी, प्रत्येक माप आकड्यात मांडावे, आणि तो आकडा 'आहे' व 'नाही' ह्या दोनच खुणांनी पाठवावा. टेलिफोनच्या पुढे रूढ झालेल्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ खुणांत लिहितात. म्हणजे एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० खुणा झाल्या. रीव्ह्ज ह्यांची कल्पना त्या काळच्या साधनांना पेलण्यासारखी नव्हती. पण तिच्यातील मर्म असे की, वाटेवरच्या यंत्राला आता आवाज ओळखावयाचा नाही. दिवा लागला की नाही, एवढेच ठरवावयाचे आहे.

दिवा म्हटल्यावर काच आली. १९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेतून चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी असे मांडले की, केसासारख्या काचतंतूतून प्रकाशाने संदेश दूरवर नेता येतील, मात्र काच अत्यंत शुद्ध पाहिजे. एक किलोमीटर गेल्यावर मूळ प्रकाशाचा निदान शंभरावा हिस्सा उरला पाहिजे, अशी त्यांची किमान अट होती. त्या वेळच्या काचेत एवढाही उरण्याची आशा नव्हती. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तीन संशोधकांनी ती अट पुरी केली. काओ ह्यांना ह्या कार्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजच्या तंतूत ५० किलोमीटर गेल्यावरही प्रकाशाचा दहावा हिस्सा शिल्लक राहतो.

ही प्रगती ऐकून कोणी म्हणेल, मग वाटेत यंत्रे कशाला हवीत? आपण हिशेब करू. ५० किलोमीटरला दहावा हिस्सा, १०० ला शंभरावा, १५० ला हजारावा. दर ५० किलोमीटरला एक शून्य वाढते. अटलांटिकची वाट सुमारे ६,००० किलोमीटरांची धरली तर १ वर १२० शून्ये होतात. दृश्य विश्वातील साऱ्या अणूंची संख्या शास्त्रज्ञ अजमासे १ वर ८० शून्ये इतकी धरतात. म्हणजे इकडून कितीही प्रखर प्रकाश सोडला तरी तिकडे त्याचा एक कणही पोचण्याची आशा धरू नये. टप्पे हवेतच.

समुद्रतळीचा निवाडा

१९८८ सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स ह्यांना जोडणारी अटलांटिकची पहिली काचतंतूची केबल सुरू झाली. तंतूंच्या एका जोडीतून सेकंदाला २८ कोटी खुणा जात, आणि सर्व मिळून सुमारे ४०,००० संभाषणांची सोय झाली होती. दर चाळीसहून अधिक किलोमीटरवर एक पुनर्जनक समुद्रतळी ठेवलेला होता. त्याची तीन कामे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले काम बळ देण्याचे. मंद प्रकाशाची वीज करावयाची आणि ती वाढवावयाची. दुसरे काम आकार देण्याचे. काचेतून जाताना प्रकाशाचे निरनिराळे घटक थोड्या निराळ्या वेगाने चालतात, त्यामुळे टोकदार ठोका पसरट होतो. १८५८ च्या तारेचे दुखणे येथेही, कारण निराळे असले तरी, आहेच. पुनर्जनक एक उंबरठा धरून बसतो: ह्याच्या वर असेल ते 'आहे', खाली असेल ते 'नाही'. मधल्या छटा तो ठेवीत नाही. तिसरे काम ताल सांभाळण्याचे. ठोके वाटेत किंचित पुढेमागे होतात. तबलजीने मात्रा ढळू द्यावी आणि पुढच्याने तीच ढळलेली लय उचलावी, असे टप्प्याटप्प्याला झाले तर शेवटी कोणती मात्रा कोणाची, हे कळणार नाही. म्हणून पुनर्जनक येणाऱ्या ठोक्यांतूनच मूळ लय हुडकून काढतो, प्रत्येक मात्रेच्या ऐन मध्यावर निवाडा करतो, आणि स्वतःच्या लेसरने ताजा ठोका पुढे सोडतो. बळ, आकार आणि ताल ही तिन्ही जेथे परत मिळतात तेथेच खरे पुनर्जनन होते.

हे काम किती बारकाईचे ते पाहा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सेकंदाला २८ कोटी खुणा म्हणजे तंतूत एकेका खुणेच्या वाट्याला जेमतेम दीड हात लांबी येते. अशी दीड हाताची खूण डोळ्यांपुढून जाते न जाते तोच तिचा निवाडा झाला पाहिजे, आणि तोही माणसाचा हात पोचणार नाही अशा खोल पाण्यात, वर्षानुवर्षे.

न वाचणारा परत आला

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की जाणत्या नक्कलकाराचा विजय झाला. पण घडले उलटे. पुनर्जनकाला जी लिपी आणि जी लय शिकवून समुद्रात सोडले, त्यापलीकडचे त्याला काही येत नाही. पुढे कोणी दसपट वेगाने खुणा पाठविण्याची युक्ती काढली तर तळाशी बसलेला हा निवाडेकार तिचा अडसर होतो. शिवाय एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे अनेक प्रकाश एकदम पाठविता येतात. रंग ऐंशी असतील तर प्रत्येक टप्प्यावर रंग वेगळे करून ऐंशी पुनर्जनक बसवावे लागतील.

१९८७ साली इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन ह्यांच्या गटाने, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देसुर्व्हिर ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळा वर्धक सिद्ध केला. काचतंतूच्या काही मीटर लांबीत एर्बियम ह्या दुर्मिळ मूलद्रव्याचे अणू मिसळावयाचे आणि बाजूच्या लेसरने त्यांना ऊर्जा पाजत राहावयाचे. ऊर्जा प्यालेला अणू जणू वरच्या पायरीवर बसून राहतो. संदेशातील प्रकाशकण जवळून गेला की तो अणू खाली उतरतो आणि अगदी त्याच जातीचा जुळा प्रकाशकण सोडतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, असा प्रकाश वाढत जातो. ह्या क्रियेचे तत्त्व आइनस्टाइन ह्यांनी १९१७ सालीच मांडले होते. येथे विजेत रूपांतर नाही, निवाडा नाही, वाचन नाही. काचेतून जाणारा प्रकाश काचेतच वाढतो, अनेक रंग एकदम वाढतात, आणि वेग कोणताही असला तरी वर्धकाची तक्रार नसते. अटलांटिकमध्ये १९९५-९६ साली अशा वर्धकांच्या केबली आल्या, आणि १९९७ साली ब्रिटनपासून जपानपर्यंत जाणारी अशीच एक केबल मुंबईला येऊन टेकली.

एक गंमत सांगावयाची राहिली. ह्या वर्धकांना लागणारी वीज किनाऱ्यावरून केबलीतल्या तांब्यातून पुरविली जाते, आणि तिचा दाब हजारो व्होल्टचा असतो. ज्या जोराने १८५८ ची तार मेली, त्याहूनही अधिक जोर आज केबलीत वाहतो. मात्र संदेश ढकलण्यासाठी नव्हे, तर वाटेवरच्या टप्प्यांच्या शिधासामग्रीसाठी.

संशय पुढे पोचविणे

परंतु न वाचणाऱ्या नक्कलकाराचा जुना दोष गेला कोठे? तो गेलेला नाही. वरच्या पायरीवरील काही अणू कोणी न बोलावताच खाली उतरतात आणि भलताच प्रकाशकण सोडतात. पुढचे अणू त्यालाही इमानेइतबारे वाढवितात. ही खरखर टाळणे निसर्गनियमांनाच मंजूर नाही. टप्प्यागणिक ती साचत जाते. तेव्हा निवाडा टळला नाही. तो समुद्रतळावरून उठून किनाऱ्यावर आला.

किनाऱ्यावर येण्यात मोठा लाभ झाला. तळाशी बसलेला यंत्रबाबू एकेक खूण पाहून तडकाफडकी निकाल देई. किनाऱ्यावर पुष्कळ गणित करता येते. संदेश पाठवितानाच त्यात साक्षीदार पेरून ठेवता येतात. रीड आणि सॉलोमन ह्या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली रीत समुद्री केबलींत वापरली गेली. तिच्या एका प्रचलित रूपात २३९ अक्षरांमागे १६ अक्षरे तपासणीची जोडतात, आणि त्या २५५ मधील आठ अक्षरांपर्यंत कोणतीही बिघडली तरी गणिताने ती हुडकून दुरुस्त करता येतात. 'धन' चे 'घन' झाले तर शेजारची अक्षरे साक्ष देऊन चूक उघडी पाडतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ह्याच्याही पुढचे पाऊल पडले आहे. प्रकाश 'आहे की नाही' एवढेच न पाहता त्याच्या लहरीची अवस्था आणि कंपनाची दिशा ह्यांतही आता संदेश भरतात, आणि घेणारे यंत्र प्रत्येक खुणेचा निकाल लगेच देत नाही. 'ही खूण बहुधा अमुक, परंतु खात्री थोडी' असा संशयही ते गणिताकडे पाठविते. प्रामाणिक लेखनिक शंकास्पद अक्षरासमोर पोथीच्या समासात खूण करून ठेवतो, तसेच हे. सर्व साक्षी आणि सर्व संशय एकत्र पाहून अखेरचा निवाडा होतो, आणि म्हणूनच तो अधिक खरा होतो.

तर मग पुनर्जनन संपले काय? मुळीच नाही. जमिनीवरच्या फार लांब मार्गांवर, खरखर संदेशाला गिळण्याच्या बेतात आली की, मधल्या एखाद्या ठाण्यात पुरा निवाडा करून नवा प्रकाश सोडावाच लागतो. विजेचा आश्रय न घेता प्रकाशानेच प्रकाशाचा निवाडा करावा, असेही प्रयत्न झाले. १९९८ साली मामिशेव ह्या संशोधकाने दाखविले की, जोरदार ठोका तंतूत स्वतःचेच रंग फाकवितो, दुबळी खरखर तसे करू शकत नाही. तेव्हा शेजारच्या रंगाची चाळणी लावली की सबळ ठोका पार होतो आणि खरखर मागे राहते. कल्पना फार सुंदर आहे. पण अनेक रंगांना एकदम लावणे अवघड, म्हणून नित्याच्या केबलींत तिने बस्तान बसविले नाही.

श्रोतेहो, क्षीण झालेल्या शब्दावर तीन उपाय माणसाने करून पाहिले. ओरडून पाहिले, तेव्हा तार मेली. टप्प्याटप्प्याला निवाडा करून पाहिला. तो चांगला चालला, पण निवाडेकाराच्या मर्यादेत अडकला. आता बहुतेक ठिकाणी वाटेवरचा कामगार संदेशाला फक्त बळ देतो, त्यातील डागासकट तो पुढे करतो, आणि निवाडा त्याने करावा ज्याच्यापाशी सारा पुरावा जमला आहे, अशी वाटणी झाली आहे. मधल्या माणसाने खात्री नसताना खात्रीचा आव आणू नये, एवढीच शिस्त ह्यात आहे. पण पोथी असो, बँकेची रक्कम असो वा मुलाचा आवाज असो, ती शुद्ध पोचते ती ह्या शिस्तीमुळे.

आज घरी गेल्यावर आपण कोणी परदेशी फोन लावलात तर कृपा करून हळू बोला. मंदावलेल्या प्रकाशाला वाटेवर ठिकठिकाणी बळ देणारे समुद्राच्या काळोखात बसलेले आहेत, आणि आपला प्रत्येक शब्द पारखून घेणारा किनाऱ्यावर जागा आहे.